प्रतिक्रिया कोणी दिली आणि कोणती दिली, हे सगळ्यांना उघड दिसावं का?

आरसाघाशा

नमस्कार मंडळी. आम्ही सहासात जण मिळून हौशी दुर्बीणवाल्यांचा एक मंच चालवतो, म्हणजे घरी आरसा घासून दुर्बीण बनवणारे, जुन्या दुर्बिणी दुरुस्त करणारे, नुकतेच आकाश बघायला लागलेले, असे सगळे. आमच्याकडे पोस्टखाली पाच प्रतिक्रिया देता येतात: आवडलं, आभार, हसू, विचारात पाडलं आणि पटलं नाही. सॉफ्टवेअर त्या सगळ्यांची एकच बेरीज करून पोस्टच्या तळाशी बारीक अक्षरात दाखवतं, बाजूला एकदोन छोटी चिन्हं असतात. कोणी काय दिलंय ते बघायचं तर त्या आकड्यावर टिचकी मारायची, मग यादी उघडते. ही यादी उघडतं कोण? मी स्वतः मॉडरेटर असून महिन्यातून एखादवेळा उघडत असेन.

आता झालं काय ते सांगतो, त्यामुळेच हा धागा काढलाय. एका नवीन सभासदाला कोणीतरी जुनी ६० मिमीची दुर्बीण दिली, डब्यात एक काळी छोटीशी काच निघाली, आयपीसला (म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला) स्क्रूसारखी बसणारी, तिच्यावर सूर्याचं चिन्ह. त्यानं विचारलं की ही लावून सूर्यावरचे डाग बघता येतील का. त्यावर एका आयडीनं लिहिलं, हो बिनधास्त बघा, मी लहानपणी हेच करायचो, काही होत नाही. त्या प्रतिसादाखाली आकडा होता ११.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे फार म्हणजे फारच धोक्याचं आहे. पुढच्या भिंगानं गोळा केलेलं सगळं ऊन जिथे एकवटतं तिथेच ती काच असते, ती तापते, कधीही तडकते, आणि तडकली की ते ऊन थेट डोळ्यात. डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळतच नाही त्यामुळे माणूस डोळा बाजूला घेईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. फिल्टर लावायचा तो दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, ऊन आत शिरायच्या आधी, तो पण सूर्यासाठीच बनवलेला.

तर त्या ११ मध्ये ४ जणांनी "पटलं नाही" दिलेलं होतं, आणि ते चौघंही आमच्याकडचे सगळ्यात जुने, आयुष्यभर आरसे घासलेले लोक. पण त्या नवीन मुलाला दिसलं काय? ११. त्यानं ते अकरा जणांची सहमती असं वाचलं. मला नंतर व्यनिमध्ये (खाजगी निरोपात) म्हणाला, "दादा, एवढ्या लोकांनी दुजोरा दिला म्हणून मी सकाळी लावणारच होतो." त्या रात्री उशिरा एकानं मोठ्ठा प्रतिसाद लिहून थांबवलं म्हणून बरं, नाहीतर सकाळी ऊन पडल्यावर काय झालं असतं ह्या विचारानं मला अजून झोप लागत नाही.

म्हणून मी ठरवलंय की प्रतिक्रिया उघड करायच्या. प्रत्येक प्रकार वेगळा, त्याचा आकडा वेगळा आणि कोणी दिली त्यांची नावं पोस्टखालीच, न टिचकी मारता. शिवाय प्रत्येकाच्या प्रोफाइलवर त्यानं कुठे कुठे काय प्रतिक्रिया दिल्या त्याचं एक पान. अर्धे मॉडरेटर माझ्या बाजूनं आहेत, अर्धे म्हणतात की ह्यानं मंच मोडेल. तुम्ही कोणी असं केलंय का? काय अनुभव आला?

---

जुनाजाणता

सगळ्यात आधी, तो मुलगा वाचला ह्याचा आनंद आहे.

मी बरीच वर्षं वेगवेगळ्या मंचांवर मॉडरेटर होतो त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. तुम्ही एका दमात तीन गोष्टी मागताय आणि त्या तिन्हींचे परिणाम एकमेकांपासून एकदम वेगळे आहेत. एक, प्रकारानुसार आकडे वेगळे दाखवणं. दोन, नावं दाखवणं. तीन, एका माणसाच्या सगळ्या प्रतिक्रिया एका पानावर गोळा करणं. तुमचा तो मुलगा फसला तो फक्त पहिली गोष्ट नव्हती म्हणून. ७ आणि ४ असं दिसलं असतं तरी तो थबकला असता, नावं दिसायची गरजच पडली नसती.

बेरीज दाखवायची ही सवय आपल्याला फेसबुकनं लावली. २००९ मध्ये नुसतं लाइक होतं तेव्हा बेरजेला अर्थ होता कारण मोजायला एकच गोष्ट होती. २०१६ मध्ये त्यांनी प्रेम, हसू, आश्चर्य, दुःख, राग असे प्रकार आणले आणि तरी खाली आकडा एकच ठेवला, बाजूला जास्तीत जास्त वापरलेली दोनतीन चिन्हं. राग आणि प्रेम एकाच बेरजेत! ते करमणुकीच्या ठिकाणी चालून जातं. जिथे एखाद्याचा डोळा जाऊ शकतो तिथे सहमती आणि विरोध एकत्र मोजणं म्हणजे तराजूच्या दोन्ही पारड्यांतला माल एकत्र करून वजन सांगण्यासारखं आहे.

आणि विरोधाचा आकडा लपवला की काय होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. यूट्यूबनं २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये नापसंतीचा आकडा सगळ्यांपासून झाकला, आता तो फक्त व्हिडिओ टाकणाऱ्याला त्याच्या स्टुडिओत दिसतो. त्यांचं कारण खोटं नव्हतं, छोट्या चॅनलवाल्यांवर लोक ठरवून टोळीनं नापसंतीचा मारा करायचे, तो त्रास खरा होता. पण वायरिंग कशी करायची, मशीन कसं उघडायचं असले व्हिडिओ बघणाऱ्याच्या हातातली एक सूचना त्यामुळे गेली. आधी पहिल्या पाच सेकंदात कळायचं की बाबा इथे काहीतरी चुकतंय. आता खाली शंभर कॉमेंट वाचत बसा.

तर पहिल्या गोष्टीला माझा शंभर टक्के पाठिंबा, आजच करा. दुसरी जपून. तिसरी करू नका, हात जोडून सांगतो.

---

वाचनमात्र

मी सहसा लिहीत नाही, आयडीच बघा, पण हा विषय माझ्याच जमातीचा आहे म्हणून लिहितेय.

प्रत्येक मंचावर माझ्यासारखे खूप असतात, रोज येतात, सगळं वाचतात, प्रतिसाद मात्र देत नाहीत कारण शब्द जुळत नाहीत, भांडणाची भीती वाटते, वेळ नसतो, काहीही कारण असेल. आमच्याकडे बोलायला ती एक प्रतिक्रियाच असते. ती पण नावासकट ठळक लावली तर आम्ही ती देणं बंद करू. रागानं नाही, आपोआप हात मागे येतो.

माझ्याबाबतीत घडलेलं सांगते. एका ग्रुपवर एका ज्येष्ठ माणसाच्या लेखावर कोणीतरी सभ्य भाषेत टीका केली, मला ती पटली, मी त्या टीकेला सहमत दिलं. बस्स, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ज्येष्ठांचा मेसेज, "तुम्हाला पण असंच वाटतं का? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." मी तो मेसेज तीनचार वेळा वाचला, उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, शेवटी माफी मागितली. कशाची माफी हे मला आजही सांगता येणार नाही. त्यानंतर दोन वर्षं मी त्या ग्रुपवर कशालाच काही दिलं नाही. आणि त्या दोन वर्षांत त्यांच्या प्रत्येक लेखाला मात्र अंगठे पडतच होते, मोजून तेच आठदहा जण, ते पडले नसते तर त्यांनाही मेसेज गेला असता हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये तर कोणी दिलं हे दिसतं म्हणजे कोणी नाही दिलं हे पण दिसतं, आणि खरा जाच त्या दुसऱ्याचाच असतो.

मतदान गुप्त का करावं लागलं ते आठवून बघा. आधी लोक हात वर करून किंवा मोठ्यानं नाव सांगून मत द्यायचे, समोर मालक उभा, जमीनदार उभा. १८५६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलियात सरकारनं छापलेल्या मतपत्रिकेवर गुप्त मतदान सुरू झालं, ब्रिटनमध्ये १८७२ ला कायदा आला. तिथे काय आणि मंचावर काय, माणूस तोच आहे. ज्याच्याशी उद्या परत बोलायचंय त्याच्या तोंडावर "पटलं नाही" म्हणणं जड जातं.

प्रोफाइलवरच्या पानाबद्दल तर बोलायलाच नको. २०१३ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी ५८,००० हून जास्त लोकांच्या नुसत्या फेसबुक लाइक्सवरून त्यांचा धर्म, राजकीय कल, लैंगिक कल असल्या खाजगी गोष्टींचा अंदाज बांधून दाखवला होता, आणि बरेचसे अंदाज बरोबर आले. एकेक लाइक किरकोळ असतं, सगळे एका जागी ठेवले की माणूस उघडा पडतो. ट्विटर म्हणजे आताच्या एक्सनं पण २०२४ च्या जूनमध्ये कोणी काय लाइक केलं ते इतरांपासून लपवलं, आकडा राहिला, आणि ज्याची पोस्ट आहे त्याला नावं दिसतात.

आरसाघाशा, तुमची काळजी मला समजते, खरंच समजते. पण तुमचे ते चार जुने लोक नावं दिसणार म्हटल्यावर "पटलं नाही" देतील, की काहीच देणार नाहीत, ह्याचा एकदा विचार करा.

---

भिंगकाका

वाचनमात्र ताईंचा अनुभव वाईट आहे आणि तो माणूस चुकलाच. पण मला दुसरी बाजू मांडायचीय.

जिथे चर्चा आवडीनिवडीची आहे तिथे गुप्त ठीक. जिथे चूक-बरोबर ठरतं तिथे "कोण म्हणतंय" ह्यालाच किंमत आहे. धाग्यात ४ जणांना पटलं नाही एवढ्यानं मला काय कळणार? ते चौघं काल आलेले असतील, एकाच माणसाचे चार डुआयडी (खोटी जास्तीची खाती) असतील, धागालेखकाशी जुनं भांडण असणारे असतील. पण आरसाघाशा म्हणतात तसे आयुष्यभर आरसे घासलेले चार जण असतील तर मी सगळं सोडून आधी त्यांचं ऐकेन. नाव काढलंत तर ज्ञानी माणसाचा विरोध आणि टवाळाचा विरोध एका मापात येतो.

गिटहबवर, म्हणजे प्रोग्रामर लोक जिथे मिळून कोड लिहितात त्या साइटवर, २०१६ पर्यंत प्रतिक्रियाच नव्हत्या, एखाद्या बगच्या (सॉफ्टवेअरमधल्या चुकीच्या) खाली लोक नुसतं "+१", "+१" असं लिहीत सुटायचे, पन्नास "+१" ओलांडल्यावर एखादा कामाचा प्रतिसाद सापडायचा, आणि प्रत्येक "+१" ला सगळ्यांना मेल जायची. मोठ्या प्रकल्पांच्या मंडळींनी जाहीर पत्र लिहून तक्रार केली, मग प्रतिक्रिया आल्या. तिथे त्या नावासकट आहेत, उलटा अंगठासुद्धा, आणि मला त्याचा रोज उपयोग होतो. एखाद्या सूचनेला उलटा अंगठा कोणी दिला हे बघून मी त्या माणसाला थेट विचारू शकतो की काय खटकलं. दहापैकी आठ वेळा तो नीट सांगतो आणि माझं काम सुधारतं.

उलट स्टॅक ओव्हरफ्लोवर, म्हणजे प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर, मतं गुप्त. तुमचं उत्तर कोणी खाली ढकललं ते तुम्हाला कधीच कळत नाही. खाली ढकलायचं कारण लिहिणं सक्तीचं करा अशी मागणी तिथे वर्षानुवर्षं होते आणि नेहमी नाकारली जाते, सूडानं मतं पडतील म्हणून. त्यांनी दुसरा उपाय केला, उत्तराला खाली ढकलायचं तर देणाऱ्याचा स्वतःचा एक गुण जातो. म्हणजे नाव द्यायचं नसेल तर निदान पदरचं काहीतरी द्या. हा विचार मला आवडतो. विरोध एकदम फुकट नसावा.

पण नवीन शिकणारा माणूस, ज्याचं उत्तर एका तासात उणे तीनवर गेलंय आणि खाली एक शब्द नाही, त्याचं काय होतं ते मी माझ्या भाचीकडे बघितलंय. स्क्रीनकडे बघत बसली होती. तिनं परत तिथे काही लिहिलं नाही. कोणी लिहिलं असतं ना की तिसरी ओळ चुकलीय, तर ती दुरुस्त करून पुढे गेली असती.

---

दोरीवरचादिवा

नावांवरून एवढं चाललंय पण आकड्याबद्दल कोणी बोललंच नाही, आकडा पण निष्पाप नसतो हो. २०१३ मध्ये सायन्स नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता, मुचनिक, अराल आणि टेलर ह्यांचा. एका बातम्यांच्या साइटवर नव्या कॉमेंट आल्या की त्यातल्या काहींना त्यांनी सहज, न वाचता, एक वरचं मत देऊन ठेवलं, काहींना एक खालचं, बाकीच्या तशाच सोडल्या. ज्यांना फुकटचं एक वरचं मत मिळालं होतं त्यांना पुढचा वाचणारा वरचं मत देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि शेवटचा गुणांक सरासरी २५ टक्के जास्त निघाला. एका मतानं! खालच्या मताचं तसं झालं नाही, लोकांनी ते भरून काढलं.

तुमच्या त्या "बिनधास्त बघा"ला पहिलं लाइक कोणी दिलं असेल? बहुतेक लिहिणाऱ्याच्या एखाद्या मित्रानं, सवयीनं. मग पुढच्यांना वाटलं असेल बरोबरच असणार. आकडे जितके ठळक कराल तितकी ही घसरण वाढेल. म्हणून हॅकर न्यूज ह्या तंत्रज्ञानाच्या चर्चेच्या साइटवर २०११ पासून दुसऱ्याच्या कॉमेंटचे गुण दिसत नाहीत, फक्त लिहिणाऱ्याला स्वतःचे दिसतात. रेडिटवर गटाच्या मॉडरेटरांना नव्या कॉमेंटचा आकडा काही वेळ झाकून ठेवायची सोय आहे, आधी लोकांनी वाचून मत द्यावं, मग आकडा बघावा. माझ्या मते हे सगळ्यात शहाणपणाचं आहे. एक दिवस झाका, मग प्रकारानुसार उघडा.

---

आरसाघाशा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं.

वाचनमात्र ताई, तुमचा प्रश्न मी त्या चौघांपैकी दोघांना फोन करून विचारला. एक म्हणाले, नाव दिसत असतं तर मी नुसतं बटण दाबून गेलो नसतो, दोन ओळी लिहिल्या असत्या. दुसरे म्हणाले, नाव दिसत असतं तर मी काहीच दिलं नसतं, तो लिहिणारा माझा जुना मित्र आहे. दोघांचं एकाच गोष्टीवर असं उलटं उत्तर. मी फोन ठेवून बराच वेळ तसाच बसलो.

दोरीवरचादिवा, तुमचं एक दिवस झाकणं चर्चेसाठी पटतं, पण आमच्याकडे तो मुलगा दुसऱ्या सकाळी काच लावणार होता. एक दिवस झाकला असता तर इशारा पण झाकला गेला असता. इशाऱ्याला थांबून चालत नाही.

---

कानानंवाचतो

मी स्क्रीन रीडरवर मंच ऐकतो, दिसत नाही मला. उघड दिसावं का असं विचारताय तर आधी कोणाला दिसावं ते पण ठरवा.

तुमच्यासारख्या मंचांवर मला पोस्टच्या शेवटी काय ऐकू येतं सांगतो: "बटण, ११". बस. कशाचे ११ ते नाही. काही ठिकाणी चिन्हाचं नाव वाचलं जातं, जोडलेले हात असं, आता ते आभार आहेत की विनंती की नमस्कार हे ज्यानं त्यानं समजून घ्यायचं. काही ठिकाणी सहमत हिरवं आणि असहमत लाल, आकार तोच, म्हणजे मलाच काय, ज्यांना लाल-हिरव्यात फरक कळत नाही त्यांनाही ते सारखंच. आणि नावं माउस वर नेल्यावर दिसतात. फोनवर माउस कुठे असतो? म्हणजे डोळस माणसं पण फोनवरून ती नावं बघत नाहीतच.

तेव्हा चिन्हाशेजारी शब्द लिहा. "पटलं नाही: ४" असं साध्या अक्षरात. पण तुम्ही म्हणता तशी सगळी नावं प्रत्येक पोस्टखाली पसरू नका, प्रत्येक पोस्टनंतर चाळीस नावं ऐकायची म्हणजे एक धागा ऐकायला माझी दुपार जाईल. दोनतीन नावं आणि "आणखी अमुक जण" एवढं पुरे, ज्याला हवं तो उघडेल.

---

तळटीप

सगळं वाचलं, एक मुद्दा कोणीच काढला नाही आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जुन्या प्रतिक्रियांचं काय करणार?

तुमच्या सभासदांनी आजवर ज्या काही हजारो प्रतिक्रिया दिल्या त्या "ही यादी कोणी उघडत नाही" ह्या समजुतीवर दिल्या. तांत्रिकदृष्ट्या त्या उघडच होत्या, मान्य, टिचकी मारली की दिसायच्या. पण कपाटाच्या तळाशी ठेवलेली वही आणि दारावर चिकटवलेला कागद ह्यात फरक आहे, मजकूर तोच असला तरी. एका रात्रीत सेटिंग बदललंत तर सकाळी माणसं उठून बघतील की चार वर्षांपूर्वी आपण कोणाच्या कवितेला "पटलं नाही" दिलं होतं ते आज नावासकट तिच्याखाली लागलंय. जुनी दुखणी उकरली जातील. मी हे एका मंचावर होताना बघितलंय, आठवडाभर धाग्यांवर दुसरं कसलं बोलणंच नव्हतं, लोक जुनी पानं उघडून एकमेकांना जाब विचारत होते, आणि शेवटी सोडून गेले ते वाद घालणारे नव्हते, ज्यांना जाब विचारला गेला ते शांत लोक होते.

म्हणून एक तारीख ठरवा. त्या तारखेनंतर दिलेल्या प्रतिक्रियाच नव्या पद्धतीनं दिसतील, आधीच्या आहेत तशाच राहतील. तारखेच्या निदान दोन आठवडे आधी मंचावर वर सूचना लावा आणि प्रतिक्रिया देतानाच बटणाखाली एक ओळ ठेवा की हे सगळ्यांना तुमच्या नावानं दिसेल. देणाऱ्याला देताना माहीत असेल तर निम्मी भांडणं तिथेच संपतात.

आणि "पटलं नाही"बद्दल अजून एक. २०१४ मध्ये चेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार बातम्यांच्या साइटवरच्या कॉमेंट तपासल्या होत्या. ज्यांना खालची मतं पडली ते गप्प बसले नाहीत, उलट जास्त लिहायला लागले, आधीपेक्षा वाईट लिहायला लागले आणि इतरांनाही जास्त खालची मतं द्यायला लागले. म्हणजे नुसता विरोधाचा आकडा दाखवून माणूस सुधारेल असं धरून चालू नका. वाचणारा सावध होईल, एवढं खरं. लिहिणाऱ्याला सुधारायचं तर शब्दच लागतात.

---

जुनाजाणता

तळटीप, हा मुद्दा माझ्याकडून सुटायला नको होता. जुन्याला हात लावू नका, सहमत.

आरसाघाशा, मला तर वाटायला लागलंय की तुमचा प्रश्न प्रतिक्रियेचा नाहीच, इशाऱ्याचा आहे. "पटलं नाही" ह्या एका बटणात तुमच्याकडे दोन गोष्टी कोंबल्यात. एक, मला हे मत मान्य नाही. दोन, हे केलंस तर इजा होईल. पहिली नम्रपणे तळाशी राहू दे. दुसरी तळाशी असूच नये, ती पोस्टच्या डोक्यावर हवी, मजकूर वाचायच्या आधी. आणि ती देणाऱ्यानं नाव द्यावं आणि एक ओळ कारण लिहावं, कारण दुसऱ्याला धोका आहे असं म्हणणं ही जबाबदारीची गोष्ट आहे, ती निनावी नको. इथे भिंगकाकांचं बरोबर. बाकी सगळीकडे वाचनमात्र ताईंचं.

---

आरसाघाशा

काल रात्री आम्ही सगळे मॉडरेटर बसलो, हा धागा समोर उघडून, दोन तास. काय ठरलं ते लिहितो म्हणजे कोणाला उपयोग होईल.

"हे धोक्याचं आहे" असं सहावं बटण येतंय. ते दाबलं की एक चौकोन उघडतो, त्यात कारण लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि नाव, कारण दोन्ही पोस्टच्या वर, शब्दांत, चिन्ह नाही. ते लगेच दिसेल, कसलं झाकणं नाही. मॉडरेटरला त्याच क्षणी मेल. कोणी खोडसाळपणे वापरलं तर आम्ही काढू, पण काढलं तर का काढलं ते आमच्या नावानं तिथेच लिहू. बाकीच्या पाच प्रतिक्रिया वेगवेगळ्या, शब्दासकट आकड्यासकट तळाशी. नावं आधीसारखीच टिचकी मारल्यावर. जुन्यांना हात नाही. आकडा एक दिवस झाकायचं दोन महिने करून बघू, मला त्याबद्दल अजून पूर्ण खात्री वाटत नाही पण बाकीच्यांनी आग्रह धरला. प्रोफाइलचं पान रद्द, तो माझाच हट्ट होता आणि वाचनमात्र ताईंचा प्रतिसाद वाचल्यावर मीच मागे घेतला.

त्या ११ वाल्या प्रतिसादावर पहिला इशारा त्या लिहिणाऱ्याच्या जुन्या मित्रानंच टाकलाय, तेच ज्यांनी फोनवर मला नाव दिसलं असतं तर काही दिलं नसतं म्हणून सांगितलं होतं. मी विचारलं नाही, त्यांनीच केलं. ओळ अशी आहे: "आयपीसवरची काच उन्हानं तडकते, डोळा जातो, फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावरच लावा." लिहिणाऱ्यानं खाली "बरोबर आहे, माझं चुकलं" असं लिहून आपला मूळ मजकूर खोडलाय.

---

वाचनमात्र

पुढच्या तोंडावर लावायचा तो फिल्टर घरी करता येतो का हो? त्या मुलानं मग डाग बघितले का, ते राहिलंच सांगायचं.

---

आरसाघाशा

बघितले ताई. सूर्यासाठीची ती चंदेरी फिल्म मिळते ना, डोळ्यानं बघण्यासाठीची, लाखातला एक भाग प्रकाश आत सोडणारी, ती आणून पुठ्ठ्याच्या कड्यात बसवली, कडं नळीवर घट्ट बसेल असं केलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून वरून चिकटपट्टी. आधी फिल्म दिव्यासमोर धरून कुठे भोक, ओरखडा नाही ना ते तपासलं, आणि शोधक दुर्बिणीवर (नेम धरायला नळीवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीवर) झाकण ठेवलं, ते लोक हमखास विसरतात. ती जुनी काळी काच त्यानं हातोडीनं फोडून टाकली, म्हणाला परत कोणाच्या हाती नको लागायला. आणि वहीत पेन्सिलीनं गोल काढून त्यात डाग टिपलेत, पाच मोठे, बाजूला बारीक ठिपक्यांचा पुंजका, खाली वेळ लिहिलीय. त्याचा फोटो कालच टाकलाय मंचावर.